वीणेला नवी दांडी

निवृत्तीबुवाचे आभार मानणं ही धामणगाव बढ्यातली सगळ्यात अवघड गोष्ट होती, आणि कारभारी ती वर्षभर करून पाहत होता.

त्यानं सुरुवात आंब्यांपासून केली. आपल्या वावरातल्या झाडाचे पहिले पाडाचे आंबे टोपलं भरून त्यानं बुवाच्या मळ्यात नेऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी तेच टोपलं वांग्यांनी शिगोशीग भरून कारभारीच्या ओसरीवर येऊन बसलं. कुणाचं भांडं रिकामं परत करू नये हे खरं, पण दिलेल्याच्या दुप्पट भरून परत करणं म्हणजे तोंडावर दार लावणंच की. मग त्यानं बोलून पाहिलं. "बुवा, त्या दिवशी तुमी..." एवढं तोंडातून निघायचा अवकाश, की बुवा विचारायचा, "तुह्या ढवळ्याचा खूर कसा आहे?" शेवटी पाया पडून मोकळं व्हावं म्हटलं, तर हा वाकला की बुवा दोन पावलं मागे. साठी उलटलेला माणूस, पण त्या बाबतीत वासरासारखा चपळ. पाया पडायला समोरचे पाय जागेवर असावे लागतात, हे कारभारीला तोपर्यंत कधी सुचलंच नव्हतं.

उपकारही काही लहानसहान नव्हता. गावच्या मारुतीच्या देवळात हनुमान जयंतीच्या आधी सप्ताह बसतो. सात दिवस, सात रात्री वीणा जमिनीला टेकू द्यायची नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि ज्याच्या गळ्यात ती आहे त्यानं बदली येईपर्यंत उभं राहायचं, बसायचं नाव काढायचं नाही. मागच्या चैत्रात सकाळचा पहारा निवृत्तीबुवाचा होता आणि भर दुपारचा कारभारीचा. त्याच दिवशी पहाटेपासून कारभारीच्या बायकोला, मनकर्णाबाईला कळा सुरू झाल्या. पोर आडवं आलं होतं. गावातल्या जाणत्या बायांनी हात टेकले आणि सांगितलं, शेजारच्या गावची अन्नपूर्णाबाई सुईण आणा, नाहीतर आशा सोडा. कारभारीनं दमणीला बैल जुंपले आणि उन्हातून पिटाळले. पहाऱ्याची आठवण त्याच्या डोक्यात कुठून राहणार?

देवळात दुपार झाली, तरी बदली येईना. निम्मं गाव देऊळघाटला लग्नाला गेलेलं. सभामंडपाचा पत्रा तापून तव्यासारखा झाला होता. देवळात एक म्हातारा पखवाजी तेवढा शिल्लक होता, तो कारभारीला बोलवायला उठला. तेव्हा मनकर्णाबाईच्या कळांची बातमी सकाळीच ऐकलेला बुवा म्हणाला, "त्याच्या घरी कोनी जाऊ नका. त्याचं आज तिथं काम आहे." आणि आपला पहारा संपवून तो कारभारीच्या पहाऱ्यालाही उभा राहिला. त्याच्या पुढचे दोघे लग्नाला गेलेले, म्हणून त्यांच्याही. वऱ्हाड परत आलं तेव्हा कुठं वीणा दुसऱ्याच्या गळ्यात गेली, आणि बुवाला दोघांनी धरून खाली बसवलं.

इकडं अन्नपूर्णाबाई वेळेत पोचली. तिनं पोर फिरवलं. मुलगी झाली. आई जगली, लेक जगली. लेकीचं नाव रुख्मिणी ठेवलं.

कारभारी मनाशी एक गोष्ट पक्की जाणून होता. त्या दुपारी देवळातून कुणी बोलवायला येऊन वाटेत गाठलं असतं, तर तो गेला असता. देवाचा पहारा चुकवायची त्याची छाती नव्हती. रडत गेला असता, पण गेला असता. आणि मग घरी परत येऊन त्याला काय दिसलं असतं, हा विचार आला की हातातलं काम हातातच राहायचं. बोलवणं आलं नाही ते एका माणसामुळं, आणि तो माणूस आभाराचा शब्द कानावर पडू देत नव्हता.

पोळ्याच्या दिवशी एक बैल बुजला. कासरा बुवाच्या हाताला गुंडाळलेला, त्यात डाव्या खांद्याला असा हिसका बसला, की पुढं तो हात छातीच्या वर उठेना. शेक झाले, लेप झाले, चोळणं झालं. मळ्यातलं काम बुवा एका हातानं ओढू लागला. पण वीणेचं काय? वीणा त्याच डाव्या खांद्याला टेकवून उभी धरायची असते, आणि गावची वीणा जुनी, भरीव शिसवी दांडीची, चांगली जड.

फाल्गुनात, होळी झाल्यावर, सप्ताहाची बैठक बसली. भजनी मंडळाचे पुढारी उत्तमराव. त्यांनी वीणा खुंटीवरून उतरवायला सांगितली, आणि उतरवताना दांडी भोपळ्यापाशीच कडकन मोडली. भुंग्यानं आतून खाऊन नुसतं पीठ करून ठेवलं होतं. नवी मागवावी तर मिरजेहून, आणि महायुद्धाच्या लढाईचे दिवस. मलकापूरला आगगाडीत माणसाला जागा मिळत नव्हती, तिथं वीणा कशी येणार?

उत्तमराव म्हणाले, "यंदा शेजारच्या गावची मागून आनू. अन् बुवाले मोकळं करू. खांदा कामातून गेला त्याचा. काय बुवा?"

"बरं," बुवा म्हणाला. उठून त्यानं वर खुंटीलाच लोंबत राहिलेल्या मोडक्या दांडीवरून हात फिरवला. उजवा हात, कारण डावा तिथवर पोचत नव्हता. मग जोडे पायात घालून तो निघून गेला. तिशी-पस्तिशीपासून वीणा घेत आलेला माणूस. त्याचं ते 'बरं' कारभारीला ऐकवेना.

"दांडी मी बसवतो," तो बोलून गेला. "घरीच करतो."

मंडळी हसली. कारभारीचा हात कामाला चालतो हे सगळ्यांना माहीत होतं. वखर, तिफण, ढोरांना चारा घालायचा लाकडी कोटंबा, असं सगळं तो घरीच करायचा. पण वीणा?

"तिची तिफण नोको करू बे," कुणीतरी म्हणालंच.

कारभारीच्या मनात होतं ते त्यानं कुणाला सांगितलं नाही. हलकी दांडी करायची. इतकी हलकी, की दुखऱ्या खांद्यालाही पेलेल. शब्दानं घेत नाही, टोपल्यानं घेत नाही, तर आभार बुवाच्या खांद्यावरच नेऊन ठेवायचे. एकदा बुवा पुन्हा वीणा घेऊन उभा राहिला, की झालं.

आधी त्यानं तारा उतरवल्या, वेटोळं करून चिंचेनं घासल्या आणि फडक्यात बांधून ठेवल्या. लढाईत नवी तार मिळायची मारामार. तारांखालची घोडी काढली, खुंट्या काढल्या. दांडीचा मोडका बुडखा भोपळ्यात सरसानं चिकटलेला, त्याला ऊन पाण्यात पिळलेली फडकी गुंडाळून गुंडाळून सैल केला आणि अलगद ओढून घेतला. भोपळ्याला चरा गेला नाही. तो स्वतःवर खूष झाला, आणि माणूस स्वतःवर खूष झाला की चुकायला लागतो.

गोठ्याच्या माळ्यावर बाभळीचा एक दांडका होता. जुवासाठी म्हणून तीन पावसाळे वाळवलेला. कारभारीच्या डोळ्यांपुढं सारखी ती मोडलेली दांडी येत होती. पुन्हा अशी मोडायला नको. भुंगा लागायला नको, चीर पडायला नको. शेतकऱ्याच्या जातीला लाकूड म्हटलं की एकच सुचतं, ते टिकेल किती. वाकसानं तासून, रंध्यानं घासून त्यानं बाभळीची दांडी केली. ती करताना हलकेपणाची गोष्ट कुठं सांडली ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

जो येई तो दांडी हातात घेऊन वाहवा करी. उत्तमरावही येऊन गेले. "मजबूत आहे," म्हणाले. "बैलं जुंपले तरी काही होनार नाई."

मनकर्णाबाई कडेवर रुख्मिणीला घेऊन अंगणात आली. तिनं लेक नवऱ्याकडं दिली आणि दांडी उचलून पाहिली. मग दांडी खाली ठेवली, लेक परत घेतली, आणि पुन्हा दांडीकडं पाहिलं.

"अवो," ती म्हणाली, "परवा बुवा आले होते, तवा रुख्मिणी त्याहीच्या अंगावर झेपावली. घडीभर घेतली अन् खांदा भरून आला, तशीच परत देल्ली. हे लाकूड तर पोरीच्या बरोबरीनं जड आहे. थे कसे घेतीन?"

कारभारी त्या दांडीकडं बघतच राहिला. जू केलं होतं त्यानं. बुवाच्या मानेवर ठेवायला चांगलं बळकट जू. त्याला स्वतःचा असा राग आला, की दांडी उचलून तो गोठ्यात टाकून आला.

"कोटंबा कोरता तशी पोटातून कोरा ना," मनकर्णाबाई जरा वेळानं म्हणाली. "वरतून पातळ फळी बसवा. पोटात कायले एवढं लाकूड पायजे?"

"बाभूळ कोरून कोरून बी जडच राहीन. शिवनीचं लाकूड पायजे. थे आनू कुठून?"

दुसऱ्या दिवशी तो वावरातून आला, तर ओसरीवर बाजेची सगळी सुतळी उसवून गुंडाळून ठेवलेली, पाय निराळे काढलेले, आणि दोन्ही बाजूंची लांब लाकडं भिंतीला टेकवून उभी. ही बाज मनकर्णाबाईच्या माहेराहून आली होती. शिवणीची, म्हणून हलकी. एका हातानं अंगणात नेता यायची. बाळंतपण याच बाजेवर झालं होतं.

"अवं, माहेरची बाज," कारभारी म्हणाला.

"बाज दुसरी करता येते." ती चुलीपुढं बसली होती, मान वर न करता बोलली. "त्या दिवशी तुमी दमनी घेऊन गेले, अन् मी हिच्यावर पडल्या पडल्या देवळातली वीणा ऐकत होते. तुमच्या पहाऱ्याची वेळ झाली हे उन्हावरून समजत होतं. मले वाटे, आता कोनी येते तुमाले पाहाले, अन् तुमी वाटंत भेटले तं तसेच देवळात जाता. कोनी आलं नाई. वीणा तशीच चालू राह्यली. मंग मले धीर आला. त्या आभारात माहे बी आहेत, एकट्या तुमचेच नाईत."

कारभारीनं एक लाकूड खांद्यावर घेतलं आणि अंगणात गेला. डोळे पुसायला लाकडाचा आडोसा बरा पडला.

आता काम नीट चाललं. पटाशीनं तो दांडी आतून कोरत गेला. लाकूड मऊ, हात मात्र जपून चालवायचा. जरा जोर झाला की पटाशी पलीकडं निघायची. सरस शिजवायला मनकर्णाबाईनं चुलीपाशी उभंही राहू दिलं नाही. जनावराच्या कातड्याचा तो चिकट काढा आणि त्याचा वास! गोठ्यामागं तीन दगड मांडून कारभारीनं तो शिजवला, आणि दोन दिवस कुत्री त्याच्या मागं फिरली. कोरलेल्या पोटावर पातळ फळी बसली. भोपळ्यात दांडीचं टोक बसलं. तारा चढवल्या, छेडल्या, तर आवाज नुसता थप्प. दांडी अगदी सरळ बसली होती, म्हणून तारा घोडीवरून जाताना खालच्या फळीला चिकटत होत्या. पुन्हा ऊन फडकी, पुन्हा सगळं सैल, टोक एका अंगानं जरासं तासलं आणि दांडी थोडी मागे कलती बसवली. या वेळी मनकर्णाबाईनं घरच्या कापसाचा दोरा वळून दिला. नाद खुलावा म्हणून तो घोडीवर तारेखाली सरकवला आणि कारभारीनं बोट फिरवलं.

पोकळ दांडी भोपळ्यासंगं बोलायला लागली. जुन्या वीणेला एवढा आवाज नव्हता. रुख्मिणी रांगत आली आणि भोपळ्यावर दोन्ही हात ठेवून बसून राहिली. कारभारी पुन्हा पुन्हा तारा छेडत होता आणि हसत होता. हे हात आपलेच का, असं त्याला वाटत होतं; आणि जिनं हे सुचवलं, जिनं लाकूड दिलं, ज्याच्यासाठी हे केलं, त्या दोघांविषयी त्याचं मन भरून आलं होतं.

राहिली एक गोष्ट. लाकूड कुठलं, हे देवळापासून लपवणं त्याच्या जिवाला मानवेना. वीणा घेऊन तो उत्तमरावांकडं गेला आणि सांगून टाकलं. उत्तमरावांचा चेहरा उतरला.

"बाळंतिनीच्या बाजेचं लाकूड? देवळात? कारभारी, लोक काय म्हनतीन?"

"तुमी म्हनसान तसं," कारभारी म्हणाला. देवळानं वीणा नाकारली, तर बुवाचा पहारा गेला, आणि आपले आभारही मनातच राहणार.

उत्तमराव माणूस वाईट नव्हता, निर्णय एकट्यावर घ्यायला भिणारा होता. "चाल बुवाकडं," ते म्हणाले. "जुना वीणेकरी थोच आहे."

बुवा मळ्यात वांग्यांना पाणी देत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग कारभारीकडं पाहिलं.

"कोनती बाज?"

"थेच," कारभारी म्हणाला.

पाणी एका सरीतून ओसंडून दुसरीत गेलं, तरी बुवानं ते वळवलं नाही. मग तो म्हणाला, "उत्तमराव, बाळंतपनाचं सोयर दहा दिवसाचं असते. पोरगी आता वर्षाची होऊन राह्यली. ज्या बाजेवर दोन जीव वाचले, तिच्याहून चोखं लाकूड तुमी कुठून आनसान?"

"बुवा म्हनते तं मंग ठीक आहे," उत्तमराव म्हणाले. त्यांच्याही डोक्यावरचं ओझं उतरलं.

बुवानं हात धुतले, वीणा गळ्यात घेतली आणि डाव्या खांद्याला टेकवली. हळूच सरळ उभा राहिला. त्याच्या भुवया वर गेल्या.

"माह्या खांद्यासाठी केली का बे?"

"दांडी भुंग्यानं खाल्ली म्हनून केली," कारभारी म्हणाला. वर्षभरात तोही शहाणा झाला होता. खरं बोललो तर हा माणूस वीणा इथंच उतरवून ठेवील, एवढं त्याला कळत होतं.

"हलकी आहे," बुवा म्हणाला, वीणा परत दिली आणि वाफ्याकडं वळला. पहाऱ्याच्या याद्या पुन्हा जुन्यासारख्याच झाल्या. सकाळचा बुवाचा, दुपारचा कारभारीचा.

सप्ताहात कारभारी आपल्या पहाऱ्याला वेळेच्या बराच आधी निघाला. मनकर्णाबाई लेकीला घेऊन मागून येत होती. पत्रा तसाच तापला होता. बुवा देवासमोर उभा होता, वीणा खांद्याला, डावा हात खाली सोडलेला, उजव्याची बोटं तारांवर. डोळे मिटलेले. घाम गळत होता, पण वीणा ढळत नव्हती.

वीणा देता-घेताना दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं असतं. लहानमोठा, गरीबश्रीमंत, कुणी असो. कारभारी पुढं झाला आणि वाकला. बुवाचा पाय सवयीनं मागे निघाला. मग गळ्यातल्या वीणेची त्याला आठवण झाली असावी. पाय परत जागेवर आला.

कारभारीनं दोन्ही पाय धरले आणि कपाळ त्यांवर टेकवलं. "बुवा," तो म्हणाला, "त्या दिवशी तुमी मले बोलावू देल्लं नाई, म्हनून माही बायको आहे, माही लेक आहे. तुमी उभे राह्यले म्हनून माहं घर उभं आहे. जलमभर विसरनार नाई."

या वेळी बैलाच्या खुराची चौकशी झाली नाही. सभामंडपाच्या कडेला मनकर्णाबाई पदर डोक्यावर घेऊन उभी होती. तिनं लेकीचे दोन्ही हात जुळवून बुवाकडं केले. बुवानं ते पाहिलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि उजवा हात तारांवर होता, डावा वर उठत नव्हता, म्हणून ते तसंच वाहू दिलं.

"पोचलं रे मले," तो म्हणाला. "सगळं पोचलं. ऊठ आता."

कारभारी उठला आणि वीणा घ्यायला त्यानं दोन्ही हात पुढं केले. बुवानं मान हलवली.

"थांब जरा," तो म्हणाला. "अजून थोडी राहू दे माह्यापाशी."

"खांदा दुखत असन ना बुवा?"

"दुखते ना. राहू दे."

कारभारीनं कोनाड्यातले टाळ घेतले आणि बुवाच्या डाव्या अंगाला, दुखऱ्या खांद्याच्या बाजूनं, जाऊन उभा राहिला.